टायरच्या खाचांची खोली मोजणारं डिजिटल गेज: कुंभार्ली घाटातल्या वापरानंतर

मी चिपळूणचा. स्वतःची अर्टिगा भाड्याने चालवतो. बरीचशी भाडी कराडच्या दवाखान्यांची असतात, म्हणजे वाटेत कुंभार्ली घाट आलाच. घाटापलीकडच्या कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर घाटाखालचं पोफळी गाव सोडलं की रस्त्यावरून पाणी वाहतच असतं. मागच्या सीटवर टाके घातलेला पेशंट असताना करकचून ब्रेक मारता येत नाही. टायरची पकड चांगलीच लागते. त्यासाठी हे गेज घेतलं, तीनशे रुपयांच्या आत मिळालं.

वस्तू साधी आहे. मुठीत मावणारी प्लॅस्टिकची बॉडी, एक बारीक पिन आणि छोटा डिस्प्ले. आधी सपाट काचेवर टेकवून झीरो करायचं, मग पिन टायरच्या मोठ्या खाचेत तळापर्यंत घालायची. खाचेत मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात, त्यांच्यावर पिन टेकवू नका, आकडा चुकीचा येतो. ते उंचवटे म्हणजे झिजेची खूण. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की खोली 1.6 मिलीमीटर उरलेली असते आणि कायद्यानेही कारचा टायर तिथे संपतो. कारच्या नव्या टायरला साधारण 8 मिलीमीटर खोली असते.

घाटात मात्र 1.6 पर्यंत थांबायचं नाही, हे माझं ठाम मत आहे. खाचांचं काम चाकाखालचं पाणी बाहेर काढणं. खाच उथळ झाली आणि वेग जास्त असला, तर पाणी निघायला जागा राहत नाही, चाक पाण्याच्या थरावर चढतं आणि स्टेअरिंग एकदम हलकं लागतं. अशा वेळी एक्सलेटर सोडायचा, स्टेअरिंग सरळ धरायचं, ब्रेक दाबायचा नाही. 3 मिलीमीटरच्या खाली गेलेला टायर मी पावसाळ्यात ठेवत नाही. टायर गोटा व्हायची वाट बघण्यात पैसे वाचत नाहीत.

गेजचा खरा उपयोग कळला तो एकाच टायरला तीन ठिकाणी मोजल्यावर. पुढच्या डाव्या टायरला बाहेरच्या बाजूला 4.2, मध्ये 4.0 आणि आतल्या बाजूला 2.6 निघाले. आतली बाजू उभ्याने बघून दिसतच नाही. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, नीट करून घेतली. मधली पट्टी जास्त झिजली असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, हेही आकड्यांवरून लगेच समजतं.

दोनच नवे टायर घेतले तर ते मागे बसवून घ्या. दुकानदार बहुतेक वेळा पुढे बसवायला निघतो, कारण पुढचे लवकर झिजतात. पण ओल्या वळणावर मागची चाकं सुटली की गाडी गरकन फिरते आणि मग स्टेअरिंगने सावरणं कठीण जातं.

आता उणिवा. बटण सेल लवकर उतरतो, डिस्प्ले फिका पडला की आकड्यावर विश्वास ठेवू नका. बॉडी पाणी सोसत नाही, म्हणून मी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतो. आणि रबर किती जुनं आहे ते हे सांगत नाही. त्यासाठी टायरच्या बाजूवरचे चार आकडे बघा: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. खोली भरपूर असूनही रबर कडक झालं असेल तर ओल्या रस्त्यावर तो टायर घसरतो.

पाचपैकी चार. सेलची कटकट नको असेल तर रेघांची पट्टी असलेलं साधं गेज घ्या, ते आणखी स्वस्त मिळतं आणि पावसात भिजलं तरी चालतं.