व्हॉट्सॲप बिझनेस आणि यूपीआयवर हापूस विकला : एका हंगामाचा अनुभव

जानेवारीत मोहोर बघून ठरवलं, यंदा निम्मा माल नेहमीसारखा नवी मुंबईतल्या वाशीच्या घाऊक बाजारात आणि निम्मा थेट गिऱ्हाइकाला. जूनमध्ये बाग रिकामी झाली, म्हणून आता सविस्तर लिहितोय. आमची देवगड तालुक्यात साठेक कलमं. जवळ चार वर्षं जुना फोर-जी फोन, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस आणि यूपीआय. बस.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो लेबलांचा. ‘पैसे आले’, ‘माल गेला’, ‘पोचला’ अशी तीन रंगांची लेबलं केली आणि वहीतली खाडाखोड संपली. कॅटलॉगमध्ये फळाच्या वजनाप्रमाणे भाव टाकले. पुण्या-मुंबईच्या घरात पाच डझनाची पेटी नको असते, दोन डझनाचा खोका हवा असतो, हे पहिल्या आठवड्यातच कळलं. ‘आंबा गवतात ठेवा, पिकेपर्यंत फ्रीजमध्ये नको’ हे उत्तर तयार करून ठेवलं होतं, ते रोज दहा वेळा तरी गेलं असेल.

ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच संदेश एकदम सगळ्यांना पाठवायच्या यादीत, 256 जण बसतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश पोचतो. म्हणून खोक्याच्या झाकणावरच नंबर छापून घेतला, खाली ‘सेव्ह करा’. नव्याने सुरू करणाऱ्यांनी हे पहिल्या खोक्यापासून करावं.

हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी शहरात देवगडच्या नावाने बाहेरचा आंबा विकला जातोच. गिऱ्हाईक शंका घेणार, आणि त्यात त्याचं चुकत नाही. मी काढणीच्या दिवशी झेल्यातून (लांब काठीच्या जाळीतून) उतरणाऱ्या आंब्याचा वीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवायचो. त्यानंतर ‘खरा देवगडच ना?’ हा प्रश्न जवळजवळ बंद झाला.

पैशाचं सांगतो. वाशीच्या पट्टीत, म्हणजे विक्रीनंतर येणाऱ्या हिशेबात, भाडं, हमाली, बाकीची कपात जाऊन उरेल ते आपलं, आणि भाव लागल्यावरच कळणार. इथे भाव मी सांगतो आणि पैसे आल्यावर खोका बांधतो. बँक खात्यातून येणाऱ्या यूपीआय पैशांवर विक्रेत्याला 2020 पासून शुल्क नाही. एकदा मात्र फसता फसता वाचलो. दहा खोके हवेत म्हणून एकाने ‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असं सांगितलं. बायकोने हात धरला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो द्यायलाच लागतो. स्क्रीनशॉटवरही माल सोडू नका, खात्यात जमा दिसले की मगच.

रेंज हे मोठं दुखणं. घर खाली वाडीत, तिथे एक काडी येते नि जाते. व्हिडिओ चढवायला रात्री जेवून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर जायचं, दगडावर बसून एकेक जाईपर्यंत वाट बघायची. एप्रिलमध्ये दोन दिवस टॉवरच बंद होता आणि सात जणांना माल कुठे आहे हे सांगता आलं नाही. पुढल्या ऑर्डरी त्यांतल्या तिघांनी दिल्या नाहीत. ज्याचा सगळा धंदा फोनवर, त्याला रेंज म्हणजे पाणी, एवढं नेटवर्कवाल्यांनी समजून घ्यावं.

केरळात 1997 ते 2001 दरम्यान मोबाइल आले तेव्हा मच्छीमार होडीतूनच भाव विचारून कुठल्या किनाऱ्याला लागायचं ते ठरवू लागले. तारलीच्या भावातली तफावत घटली, मासे फुकट जाणं थांबलं. त्यांना नुसता कॉल पुरला. मलाही वाशीचा भाव आता सकाळीच कळतो. पण या हंगामात मला खरं मिळालं ते वेगळंच.

मे महिन्यात पुण्याच्या एका आजींनी कापलेल्या फोडीचा फोटो पाठवला, ‘बाळा, हे पांढरं काय रे?’ साका होता, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा झालेला. तो बाहेरून दिसत नाही. त्या आठवड्यातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना मी स्वतः विचारलं, सहा फळं खराब निघाली होती, पुढच्या खेपेला भरून दिली. वीस वर्षं वाशीला माल पाठवतोय, माझा आंबा कुणी खाल्ला नि त्यांना कसा लागला हे मला एकदाही कळलं नव्हतं. आता कुठल्या कलमाचा माल कुठे गेला ते लिहून ठेवतोय.

वाशी सोडणार नाही. मे महिन्यात आंबा एकदम तयार होतो, तेव्हा एवढे खोके बांधायला घरात हात पुरत नाहीत. पुढच्या हंगामासाठी दुसऱ्या कंपनीचं सिम घेतलंय. घरामागच्या चिऱ्याच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) फोन ठेवला की त्याला दोन काड्या मिळतात.