तारांऐवजी बटणे: इलेक्ट्रॉनिक गिटारचा सहा महिन्यांचा अनुभव

बारा वर्षे लाकडी गिटार वाजवल्यानंतर गेल्या सहा महिन्यांपासून मी इलेक्ट्रॉनिक गिटारही वाजवीत आहे. हिच्या फ्रेटबोर्डवर, म्हणजे डाव्या हाताची बोटे जिथे दाबतात त्या पट्टीवर, तारा नसून प्रत्येक फ्रेटला (पट्टीवरच्या प्रत्येक घराला) सहा बटणे आहेत. उजव्या हातासाठी सहा आखूड तारा आहेत खऱ्या, पण स्वर त्यांतून निघत नाही. त्या केव्हा आणि किती जोराने छेडल्या, एवढेच यंत्राला कळते. ही कल्पना तशी जुनी आहे. तारा सुरात लावण्याची गरजच नसलेले डीजी-२० हे वाद्य कॅसिओने १९८७ मध्येच बाजारात आणले होते.

संगणकावर संगीतरचना करणाऱ्याला हे वाद्य फार उपयोगी आहे. खऱ्या तारेचे कंपन मोजून स्वर ओळखणाऱ्या मिडी गिटारमध्ये (वाजवलेले स्वर संगणकाला आकड्यांच्या रूपात पाठवणाऱ्या गिटारमध्ये) खालच्या स्वरांना उशीर होतो, कारण सहावी, सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळाच कंप पावते; एका आवर्तनाला १२ मिलिसेकंद लागतात आणि स्वर निश्चित करायला निदान एक-दोन आवर्तने पाहावीच लागतात. येथे बोट कोणत्या बटणावर आहे हे आधीच ठाऊक असल्याने तो उशीर जाणवत नाही. हेडफोन लावून रात्री सराव करता येतो, ही सोयही मोठी आहे.

मात्र हाताला लागणाऱ्या सवयींकडे लक्ष ठेवावे लागते. सलग काही आठवडे हेच वाजवून मी लाकडी गिटारवर साधी सी कॉर्ड (एकत्र वाजवायचा स्वरांचा समूह) धरली, तेव्हा पहिली तार वाजलीच नाही. पुन्हा छेडली, तरी तेच. पाहतो तर दुसऱ्या तारेवरची तर्जनी आडवी पडून पहिल्या तारेला टेकत होती. बटणांवर ही चूक ऐकूच येत नाही. कॉर्ड दर वेळी स्वच्छच वाजते, आणि त्यामुळे बारा वर्षांची बैठक नकळत बिघडत गेली. आघाताचा जोर यंत्र १ ते १२७ या आकड्यांत मोजते, पण तार ब्रिजजवळ (तिच्या खालच्या टोकाशी) छेडली की साउंडहोलवर (गिटारच्या पोटावरच्या गोल छिद्रावर), नखाने की बोटाच्या मांसल भागाने, हा फरक त्या आकड्यात उतरत नाही. मींड घेण्यासाठी एक दांडा दिला आहे; तो स्वर चढवतो हे खरे, पण ताणलेली तार बोटाला जो विरोध करते, त्याच्या आधारानेच मी आजवर सूर गाठत आलो आहे, आणि तो विरोध या दांड्यात नाही.

म्हणून पहिलेच वाद्य घेणाऱ्याला मी हे सुचवणार नाही. हात बसलेला असेल आणि रचना करायची असेल, तर अवश्य घ्यावे, मात्र लाकडी गिटारचा रोजचा सराव सोडू नये. घेण्यापूर्वी दुरुस्तीचीही चौकशी करावी. माझ्या वाद्याचे पाचव्या फ्रेटवरचे एक बटण चौथ्या महिन्यात बंद पडले, तेव्हा संपूर्ण फ्रेटबोर्डच बदलावा लागेल असे मला सांगण्यात आले. तुटलेली तार मी दहा मिनिटांत स्वतः बदलतो.