भंडारदरा की गौताळा? संभाजीनगरहून दोन दिवसांसाठी निघताना

श्रावण जवळ आला की संभाजीनगर-जालन्याकडचे दोन-चार ओळखीचे हमखास विचारतात: लेकरं आहेत, म्हातारी माणसं आहेत, डोंगर हवा, पाणी हवं, हातात दोनच दिवस आहेत, तर भंडारदरा करावा की कन्नडजवळचं गौताळा अभयारण्य? दोन्हीकडं माझं जाणं-येणं झालंय, म्हणून सांगतो. पण हे एका माणसाचं मत, तेवढ्यापुरतंच घ्या.

पाण्याचा देखावा म्हणाल तर तुलनाच नको. 1926 साली पुरं झालेलं प्रवरेवरचं धरण, 11 टीएमसीचा जलाशय, एकीकडं रतनगड, दुसरीकडं कळसूबाईची रांग. त्याच्यासमोर गौताळ्याचा तलाव म्हणजे घागरभर पाणी. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर पावसातच बघावं, भिजून काळंभोर झालेल्या त्या दगडावर नक्षी उठून दिसते. मुलूख महादेव कोळ्यांचा. इंग्रजांना जेरीस आणणारे राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे, 1848 साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. हे लेकरांना गाडीतच सांगून ठेवा, तिथं पोचल्यावर कुणी ऐकत नाही.

मराठवाड्याच्या माणसाचं तिथं एक वेगळंच दुखणं असतं. घरची मंडळी फोटो काढतात आणि आपण मनात हिशेब मांडतो: यातलं पैठणच्या जायकवाडी धरणात किती येणार? प्रवरा शेवटी प्रवरासंगमाला गोदावरीतच मिळते ना! वरच्या-खालच्या धरणांत पाणी न्यायानं वाटायचा, समन्यायी वाटपाचा कायदा होऊन इतकी वर्षं झाली, तरी काठोकाठ भरलेलं धरण बघून आपल्याला आनंद आधी होतो की हेवा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण माझं पारडं फिरलं ते पाण्यामुळं नाही, आवाजामुळं.

आईला घेऊन भंडारदऱ्याला गेलो होतो. शनिवार. तळ्याकाठचा तंबू आधीच पैसे भरून घेतलेला. संध्याकाळ अशी सुंदर की चहा गार झाला तरी कुणी उठेना. आठ वाजले आणि उजवीकडच्या तंबूवाल्यांनी स्पीकर लावला. मग डावीकडच्यांना वाटलं, आपण काय कमी आहोत? शेवटी समोरच्या काठावरूनही गाणी यायला लागली. रात्रीच्या पाण्यावरून आवाज कसा येतो ते तिथं कळलं, जणू स्पीकर आमच्या उशाशीच ठेवलाय. आई बाहेर आली, इकडं-तिकडं बघितलं आणि म्हणाली, “इथं कुणाचं लगीन हाय का रं?” मी सांगायला गेलो तर पोरं बिचारी चांगली निघाली. “काका, बसा ना, भजी घ्या.” भजी खाऊन परत आलो. स्पीकर पावणेदोनला बंद झाला. तंबूवाल्याला सकाळी विचारलं, तर तो म्हणाला, शनिवारी असंच असतं. त्याचंही खोटं नव्हतं.

माझ्याच नशिबी तशी रात्र आली असेल, हे मान्य. मधल्या वारी गेलेले लोक शांततेचं कौतुक करतात आणि ते खरंही असणार. पण नोकरदार माणसाला मधला वार मिळतो कुठं? आणि साधारण 200 किलोमीटर गाडी हाकून लग्नाची वरात ऐकायची, हे मला तरी जमलं नाही.

गौताळ्याला हा प्रश्नच येत नाही, कारण अभयारण्य आहे. दिवस मावळायच्या आत बाहेर पडावं लागतं. तळ्याकाठी मुक्काम नाही, चूल नाही, तंबू नाही. सुरुवातीला हे बंधन मलाही जाचायचं. त्या रात्रीनंतर मात्र तोच गौताळ्याचा मोठा गुण वाटायला लागला. मुक्काम कन्नडला किंवा वेरूळला करा. 2021 साली यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ चालत या जंगलात आला होता. जागा निवडताना त्यानंही शांतताच बघितली असावी.

आणि वारशाचं म्हणाल तर मला पितळखोरा जास्त भिडतो. कन्नडहून कालीमठाच्या बाजूनं जायचं, मग पायऱ्या उतरून दरीत. दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी, दारापाशी हत्तींची रांग, पावसात वरून कोसळणारा ओढा. इथं सापडलेली यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्यावर कोरलंय की ती कण्हदास नावाच्या सोनारानं घडवली. सोनारानं दगडाला हात घातला, तेव्हा त्यातही दागिन्याची कलाकुसर उतरली. चैत्यगृहातल्या एका खांबावर दान देणाऱ्याचं गाव लिहिलंय: पैठण. अत्तराचा व्यापार करणारं घराणं. तिकडं धरणावर मी पैठणला पाणी किती येणार म्हणून झुरत होतो, आणि इथं पैठणचाच माणूस खांब देऊन गेलेला!

आणखी अर्धा दिवस हाताशी असला तर घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला पाटणादेवीला जा. गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं तिथं मठ काढल्याचा शिलालेख सापडलेला आहे. वाटेत कन्नडच्या घाटात अडकलात तर मला दोष देऊ नका.

गौताळ्याच्या उण्या बाजूही सांगतो. पितळखोऱ्याच्या पायऱ्या गुडघेदुखीवाल्यांसाठी नाहीत, आई वरच झाडाखाली बसली. आत खायला मिळेल या भरवशावर राहू नका, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच न्या. फेब्रुवारीनंतर धबधबे आटतात, डोंगर पिवळा पडतो. तेव्हा तिकडं जाऊन मला शिव्या देणारे दोघं आहेत.

काजवे बघायचे असतील तर मात्र मे संपता-संपता, पहिल्या पावसाच्या आगेमागे, भंडारदराच गाठा. फक्त तंबू ठरवताना जेवणात काय आहे ते नंतर विचारा. शेजारचा तंबू किती अंतरावर आहे, ते आधी विचारा.