गोठ्यात टू पोस्ट लिफ्ट बसवलीय, वर्षभर वापरल्यावरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे घाईत असणाऱ्यांचा वेळ वाचेल. चार टनी टू पोस्ट लिफ्ट, म्हणजे दोन खांबांमध्ये गाडी वर उचलणारी, हायड्रोलिक, खाली बेस प्लेटवाली, कोईमतूरकडची बनावट, कंपनीचं नाव घेत नाही कारण खाली त्यांच्या फिटिंगवाल्यांबद्दल थोडं कडू लिहिलंय. एकूण पाचपैकी चार. पण ही लिफ्ट उभी आहे आमच्या जुन्या गोठ्यात, आणि त्या गोठ्यावर जेवढं डोकं, घाम आणि पैसा गेलाय त्याच्यापुढं लिफ्टचं बिल म्हणजे चिल्लर. त्यामुळं रिव्ह्यू निम्मा लिफ्टचा आणि निम्मा कोब्याचा नि पत्र्याचा आहे, पटत असेल तर पुढं वाचा.

गाव पन्हाळा तालुक्यात. गोठा चाळीस बाय अठरा, दगडमातीच्या भिंती, मंगलोरी कौलं, आत सागवानी तुळया. म्हशी विकल्या तेव्हापासून तिथं कडब्याऐवजी भंगार साठायला लागलेलं. माझी प्रीमियर पद्मिनी आणि भावाची महिंद्रा एमएम ५४० जीप, दोन्ही अर्धवट खोललेल्या, वर ताडपत्री, आणि पावसाळ्यात त्या ताडपत्रीखाली गंज नुसता वाढतोय. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

लिफ्ट घ्यायची म्हटल्यावर सगळे पहिल्यांदा किती टनाची ते विचारतात. अहो पद्मिनी सगळी मिळून नऊशे किलोच्या आसपास, तिला चार टन काय करायचेत! विचारायचं ते उंचीचं. बेस प्लेटवाल्या लिफ्टचा खांब साधारण २.८५ मीटर म्हणजे सव्वानऊ फुटांच्या वर. गाडी वर जाते १.९ मीटर. पद्मिनीची स्वतःची उंची पावणेपाच फूट धरा, म्हणजे टप अकरा फुटांवर गेला. जीपला हूड असेल तर आणखी फूटभर. आणि आमच्या तुळया होत्या नऊ फुटांवर, दर सहा-सात फुटाला एक आडवी. मध्यभागी आढ्याला उंची भरपूर दिसते पण तुळई आडवी आली की ती उंची नुसती बघायला. दुसरा प्रकार येतो तो वरून जोडलेला, त्याला क्लिअर फ्लोअर म्हणतात, त्याच्या खांबांनाच बारा फूट लागतात. तो विषय तिथंच संपला.

मग फॅब्रिकेटर. हा माणूस आमच्याच पंचक्रोशीतला, पोल्ट्री शेड करणारा, आणि ह्याला मात्र पैकीच्या पैकी. आल्या आल्या भिंतीत पहार घातली, दोन दगड हलवून बघितले आणि म्हणाला, "दादा, ह्या भिंतीवर नवीन लोड टाकू नका, माती आहे आत नुसती." म्हणून भिंती तशाच ठेवून आतल्या बाजूनं लोखंडी कॉलम, प्रत्येकाचं फाउंडेशन वेगळं, वर ट्रस म्हणजे छपराच्या लोखंडी कैच्या, बाजूची उंची बारा फूट आणि मध्ये पंधरा. भिंत आता फक्त आडोसा, वजन सगळं कॉलमवर. भिंतीच्या वर जी मोकळी जागा झाली तिथं पत्रा आणि मध्ये मध्ये पॉलीकार्बोनेटच्या पट्ट्या, दिवसा लाईट लावावीच लागत नाही. दार होतं ते बैल जाईल एवढंच, तिकडची आखूड भिंत पाडून लिंटेल टाकलं आणि दहा फुटी शटर. कौलं विकली, सागवानाला चांगला भाव आला, दोन तुळया ठेवल्या त्याचं वर्कबेंच झालंय, व्हाईस बसवून घण मारला तरी हूं की चूं नाही.

पत्र्याबद्दल एक सांगतो. साधा पत्रा टाकू नका, पैसे वाचतात आणि मग थंडीत पहाटे आतल्या बाजूनं घाम सुटतो नि थेंब थेंब गाडीवर पडतंय. पॉलिश केलेल्या मेटलवर एका रात्रीत तांबूस थर. आम्ही ३० एमएमचे पफ पॅनेल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले, टाकले, महाग पडले, पण उन्हाळ्यात दुपारी आत काम करता येतं आणि पाऊस सुरू असताना एकमेकांचं बोलणं ऐकू येतं, साध्या पत्र्याखाली नुसतं ओरडायला लागतं.

आता कोबा. इथं कंजुषी केली तर लिफ्ट घेऊच नका, सरळ सांगतो. गोठ्याच्या जमिनीत कैक वर्षांचं शेण-गोमूत्र मुरलेलं असतं. वरून जमीन ठणठणीत कोरडी वाटते पण त्यातले क्षार ओल धरतात, पावसाळ्यात वर येतात, भिंतींना लोणा लागतो तो त्याच्यामुळंच, आणि लोखंडाला तर ते विषच. त्याच्यावरच काँक्रीट ओतलं तर सळ्या खालून खायला सुरुवात. म्हणून जुनी फरशी उखडून दीड फूट माती काढली, ट्रॉल्या भरभरून शेतात नेऊन टाकली, आबा एकदम खूश, फुकटचं खत. मग मुरूम, पाणी मारून रोलर, दगडांचं सोलिंग, पीसीसी म्हणजे बिनसळ्यांचं साधं काँक्रीट, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, आणि त्यावर सहा इंच एम २५ ग्रेडचं काँक्रीट सळ्यांची जाळी टाकून. लिफ्टच्या दोन खांबांखाली मात्र चार बाय चारचे, फूटभर जाडीचे पॅड, डबल जाळी. वरून ट्रिमिक्स मारून घेतलं, म्हणजे व्हॅक्यूमनं जादा पाणी ओढून मशीननं घोटाई. गोठ्याला मोरीकडं उतार असतोय तो सगळा मोडला, कारण लिफ्टला लेव्हल लागते, आता उतार फक्त शटरजवळ तीन फुटात आहे, पाणी बाहेर जायला तेवढा बास. आरएमसीची म्हणजे तयार काँक्रीटची गाडी बोळात शिरत नव्हती म्हणून मिक्सर लावून सगळं हातानंच. आबा कट्ट्यावर बसून बघत होते, शेवटी राहवेना, "म्हशीला कधी एवढा कोबा केला नाही आपण, आणि ह्या खटाऱ्याला?"

इपॉक्सी करा म्हणून बरेच जण मागं लागले होते, फोटोत चकचकीत दिसतंय म्हणून. नवीन काँक्रीटमधली ओल पूर्ण गेल्याशिवाय इपॉक्सी मारलं की पापुद्रे सुटतात, आणि ओल्या भागात ती कधी पूर्ण जाते ते देवालाच माहीत. आम्ही फ्लोअर हार्डनर मारून सोडून दिलं. ऑइल सांडलं तर भुसा टाकायचा नि झाडायचा.

गावातल्या निम्म्या लोकांनी सल्ला दिला होता की लिफ्ट कशाला, खड्डा काढ की, आपल्या ट्रॅक्टरवाल्यांकडं असतोय तसा. स्वस्त आहे हे खरं. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली खड्ड्यात जाऊन बसते आणि आपण तिथंच ग्राइंडर घेऊन उतरणार. शिवाय आमच्याकडं जुलैत कुठंही दोन हात खणलं की पाणी लागतं. चाकं काढायची तर खड्ड्यात उतरून काय उपयोग, परत जॅक लावायलाच पाहिजे.

फिटिंगवाले. दोन पोरं आली, बोलायला गोड, काम बघितलं तर सगळं चालतंय की ह्या हिशोबात. कोबा टाकून पंधरवडा झालेला, आणि ते ड्रिल घेऊन तयार. म्हटलं थांबा, काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात, तुमच्याच मॅन्युअलमध्ये लिहिलंय. "साहेब, आम्ही सगळीकडं असंच लावतो." सगळीकडं लावा, इथं नाही. परत पाठवलं तर दुसऱ्या व्हिजिटचे पैसे लावले कंपनीनं, फोनवर भांडून निम्मे कमी केले. दुसऱ्यांदा आले तेव्हा एक खांब ओळंब्यात नव्हता, मी ओळंबा लावून दाखवला तेव्हा कुठं खाली शिम म्हणजे पातळ पट्ट्या घातल्या. एक स्टार कापलाय तो ह्याचाच. तुम्ही घेणार असाल तर फिटिंगच्या दिवशी स्वतः उभे राहा, ओळंबा आणि टॉर्क रेंच आपला ठेवा, आणि दोन-तीन महिने वापरल्यावर अँकर बोल्ट परत एकदा टाइट करून घ्या, आमच्याकडं दोन बोल्ट पाव आटा फिरले.

लाईटचं. मोटर २.२ किलोवॅटची, सिंगल फेजमध्येपण मिळते आणि थ्री फेजमध्येपण. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की सिंगल फेजची मोटर नुसती हुं करत बसते, म्हणून थ्री फेज घ्या. आणि कुणीतरी हुशार सांगेलच की विहिरीवरच्या मोटरच्या कनेक्शनवरून वायर ओढ, ते अजिबात करू नका. शेतीपंपाचं कनेक्शन दुसऱ्या कामाला वापरणं विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये येतं, दुप्पट दरानं आकारणी होते, आणि तसंही ती थ्री फेज ठरलेल्या तासांपुरतीच असते. आम्ही घराचंच कनेक्शन लोड वाढवून थ्री फेज करून घेतलं.

ह्यातली एक गोष्ट विकणारा सांगत नाही. गाडी वर असताना लाईट गेली तर ती खाली पडत नाही, लॉकवर बसलेली असते, त्याची काळजी नको. पण खालीपण येत नाही. कारण लॉक सोडायला आधी गाडी थोडी वर उचलावी लागते तेव्हा खाच मोकळी होते, आणि वर उचलायला मोटर लागते. घरच्या इन्व्हर्टरला हे झेपत नाही. म्हणजे लाईट येईपर्यंत गाडी अधांतरी. भावाला एकदा जीप घेऊन लग्नाला जायचं होतं, जीप वर, हा खाली इस्त्रीच्या कपड्यात. शेवटी एसटीनं गेला.

वापरायला कशी आहे म्हणाल तर लय भारी. पद्मिनीचं सगळं सुख खालीच आहे. प्रोपेलर शाफ्ट, मागचे पाटे, ग्रीस निपल, चारी चाकांना ड्रम ब्रेक, हे सगळं पाठीवर झोपून करायचं म्हणजे तोंडात गंज आणि डोळ्यात ऑइल. आता सरळ उभं राहून, ट्यूबलाईट डोक्यावर, हात खांद्याच्या उंचीला. ब्रेक लाइन नवीन टाकताना तर अक्षरशः गाणी ऐकत काम केलं. इंजिन काढणं मात्र लिफ्टनं होत नाही, त्याला वेगळा चेन ब्लॉक ट्रसला लटकवलाय, आणि त्यासाठी एका ट्रसला फॅब्रिकेटरनं आधीच जास्तीचा मेंबर टाकला होता. इंजिनचा ब्लॉक बोरिंगला कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात, ते काम घरी करायचा नाद करू नये.

पण पद्मिनीला लिफ्टवर घेताना जीव मुठीत धरावा लागतो. जीपला चेसी आहे, लिफ्टच्या आर्मवरचा रबर पॅड चेसीखाली लावला की विषय संपला. पद्मिनीला वेगळी चेसी नाही, बॉडी हीच चेसी, आणि पॅड येतात दारांखालच्या सिलवर. जुन्या गाडीचं सिल वरून रंग चांगला आणि आतून कुरकुरीत पापड. आर्म वर आला, रबर पॅड टेकला, आणि करकर असा आवाज यायला लागला की बटण सोडायचं. आम्ही टोच्यानं सिल ठोकून बघितलं, डाव्या बाजूला टोच्या सरळ आत गेला. आधी जॅक स्टँडवर घेऊन दोन्ही सिल कापली, नवीन पत्रा मिगनं, म्हणजे वायर आणि गॅसच्या वेल्डिंगनं, जोडला, मग लिफ्ट. म्हणजे लिफ्ट आली तरी पहिलं काम जॅक स्टँडवरच झालं! ते विकू नका. आणि बॉडीच्या पातळ पत्र्याला साध्या आर्क वेल्डिंगनं भोकं पडतात, मिगच पाहिजे.

दुसरी कटकट म्हणजे दोन खांबांच्या मधला तो बेस प्लेटचा उंचवटा, दीड इंचाचाच, पण बंद पडलेली गाडी ढकलत त्याच्यावरून चढवायची म्हणजे चार माणसं लागतात. आम्ही दोन्ही बाजूला चेकर प्लेटचे उतार करून घेतले. ट्रॉली जॅक तिथं सरकत नाही तो नाहीच. लॉक दोन्ही खांबांना वेगवेगळे सोडायला लागतात, एक सोडून दुसऱ्याकडं चालत जायचं, एका बाजूनं दोन्ही सुटणारं मॉडेल थोडं महाग आहे, तेच घ्या. सोबत आलेले पॅड आखूड, जीपसाठी उंच अडॅप्टर वेगळे विकत घ्यावे लागले. खरं तर बॉक्समध्येच द्यायला पाहिजे होते.

लिफ्टची कोटेशनं मला सव्वा ते दोन लाखांच्या दरम्यान आली होती, वर जीएसटी १८ टक्के. गोठ्याचा खर्च मी आकड्यात लिहीत नाही, घरची मंडळीपण हे वाचतात. रंगकाम आत करत नाही, हार्डनर मिसळायच्या टू-के पेंटमध्ये आयसोसायनेट हे विषारी रसायन असतं, त्याला साधा मास्क चालत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो, म्हणून बॉडी तयार करून बाहेर पाठवतो. कडब्याची गंजी शेजारी होती ती मात्र आधी हलवली आणि शटरजवळ आग विझवायचा सहा किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर टांगला.

ज्यांच्या गोठ्याची उंची वाढवता येत नाही त्यांनी टू पोस्टचा हट्ट सोडून मिड राइज सिझर लिफ्ट, म्हणजे खालून कैचीसारखी उघडणारी, बघावी, ती गाडी कंबरेएवढी उचलते, ब्रेक, सस्पेन्शन, टायर सगळं आरामात होतं, फक्त मधोमध यंत्र असल्यामुळं गिअरबॉक्स काढायचा असेल तर अडचण. तिलापण कोबा लेव्हलमध्येच लागतो. आणि कुणाकडं माझ्यासारखीच लिफ्ट असेल तर दोन्ही आर्म सारखे ठेवणाऱ्या वायर रोपचं टेन्शन अधूनमधून बघत जा, आमची एक सैल पडली होती आणि एक बाजू लॉकमध्ये आधी पडत होती, टक आणि मग थोड्या वेळानं टक. एकदमच टक आलं पाहिजे.