गरोदरपणाचा पाचवा-सहावा महिना आणि दोन दिवसांची सुट्टी: अलिबाग की माथेरान?

अ‍ॅनॉमली स्कॅन, म्हणजे बाळाचे अवयव तपासणारी सोनोग्राफी, साधारण १८ ते २० आठवड्यांत होतो. तो नीट पार पडला आणि डॉक्टरांनी फिरायला हरकत नाही म्हटलं, की मुंबईतल्या जोडप्यांचं बोलणं या दोन नावांवर येतंच. उलट्या थांबलेल्या असतात, पोट अजून जड झालेलं नसतं, डोहाळजेवणाच्या गडबडीला अवकाश असतो. ग्लुकोज पिऊन करायची शुगरची तपासणी २४ ते २८ आठवड्यांत येते. तिच्याआधीचे तीन-चार शनिवार-रविवार मला फार मोलाचे वाटतात. आम्ही एकविसाव्या आठवड्यात अलिबागला गेलो, चोविसाव्यात माथेरानला.

खरा फरक प्रवासात आहे. रस्त्याने अलिबाग गाठायचं तर वडखळच्या आसपास कोंडीत अडकायची धास्ती, आणि या दिवसांत तर तासातासाला लघवीला जावं लागतं. म्हणून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाडीसकट नेणारी बोट, घ्या. गाडी खाली लावायची, वर जाऊन पाय मोकळे करून बसायचं, तासाभरात मांडवा. गेटवेची लाँच स्वस्त पडते, पण तिथे हलत्या बोटीत पाय टाकून चढावं लागतं. पोटुशी बाईने ते करू नये. पुढचे वीसेक किलोमीटर सावकाश जा; सीटबेल्ट पोटाखालून, मांड्यांवरून घ्यायचा.

माथेरानला गाडी दस्तुरी नाक्यापर्यंतच. तिथून अमन लॉज स्टेशनवरून सुटणारी छोटी रेल्वे (शटल), घोडा किंवा पायी. घोडा आपल्यासाठी नाहीच. हातरिक्षा बंद करून ई-रिक्षा आणा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं आहे. सध्या काय मिळतं ते हॉटेलवाल्यांना आधी विचारा. आम्ही शनिवारी पोचलो तेव्हा शटल भरलेली होती. अडीचेक किलोमीटर चाललो. पायांवर घोट्यापर्यंत लाल धूळ, मी जागोजागी टेकतेय, नवऱ्याच्या एका खांद्यावर पिशव्या आणि काखेत माझी रिपोर्टांची फाइल. सव्वा तास लागला. पण हॉर्न नाही, धूर नाही, डोक्यावर जांभळीची गार सावली. चालायची सवय असलेल्या बाईला हे फार सुखाचं आहे. जमेल तर शार्लोट लेकपर्यंत जा, बाकीचे पॉइंट राहिले तर राहू देत.

अलिबागमध्ये आम्ही नागावला एका वाडीत उतरलो होतो. सकाळी आंबोळ्या खाऊन पोफळींखालच्या बाजेवर डाव्या कुशीवर पडले होते. समोरच्या पडवीत पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या. बेंबीखाली मासोळीने शेपटी फिरवावी तसं काहीतरी झालं. गॅस असेल म्हणून सोडून दिलं, तर पुन्हा तसंच. नवऱ्याचा हात तिथे ठेवला, त्याला काहीच लागलं नाही, तरी तो अर्धा तास हात न हलवता बसून राहिला. पहिलटकरणीला हालचाल बहुतेक याच सुमारास कळू लागते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतंच. दिवसभर धावपळीत असते तर ती माझ्या लक्षातही आली नसती.

आणखी एक गोष्ट मी तोलली. अलिबाग जिल्ह्याचं ठिकाण, तिथे जिल्हा रुग्णालय आहे. माथेरानहून मोठा दवाखाना गाठायचा तर घाट उतरावाच लागतो. म्हणून पहिली खेप असेल तर मी अलिबागच सांगेन. दुसरी खेप असेल, तब्येत ठणठणीत असेल आणि मधल्या वारी सुट्टी मिळत असेल, तर माथेरान. सोनोग्राफीत वार (प्लासेंटा) खाली आहे असं आलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्हीकडे नको.

खोली ठरवताना फोनवर तीन गोष्टी विचारा: कमोड आहे का, खोली तळमजल्यावर आहे का, न्हाणीघराची फरशी निसरडी तर नाही ना. पहिल्या प्रश्नावर जो घुटमळला, तिथे आम्ही खोली घेतली नाही.