मुंबईच्या दमट हवेतले कोरियन धनुष्य

दक्षिण कोरियातील एका लहान उत्पादकाकडून मागवलेले पारंपरिक घडणीचे धनुष्य मी गेल्या पावसाळ्यापासून मुंबईत वापरत आहे. वस्तू उत्तम आहे. मात्र ती कोणासाठी उत्तम आहे, हे आधी स्पष्ट करायला हवे. पॅरिसमध्ये २०२४ साली कोरियाने तिरंदाजीची पाचही सुवर्णपदके जिंकली, आणि महिलांच्या सांघिक प्रकारात तर १९८८ पासून सुवर्णपदक त्या देशाबाहेर गेलेलेच नाही. हे वाचून ‘मुलासाठी कोरियन धनुष्य कुठे मिळेल?’ असे विचारणाऱ्या पालकांना सांगावेसे वाटते की, ती पदके या धनुष्याने जिंकलेली नाहीत. ऑलिंपिकमध्ये धातूची मूठ, नेमदर्शक आणि तोल सांभाळणाऱ्या दांड्या असलेले रिकर्व्ह धनुष्य असते आणि ७० मीटरवरील १२२ सेंटिमीटर व्यासाच्या लक्ष्यावर नेम धरला जातो. माझ्या धनुष्याला यांतले काहीही नाही. त्याचे घराणेच निराळे आहे.

हे घराणे शिंगाच्या धनुष्याचे, म्हणजे ‘काकगुंग’चे. म्हशीचे शिंग, बैलाचे स्नायू, बांबू, तुती आणि ओक यांचे थर माशाच्या फुग्यापासून केलेल्या सरसाने जोडून ते तयार होते. धनुर्धराकडील बाजूला शिंग दाब सोसते, तर लक्ष्याकडील बाजूला स्नायू ताण सोसतात. म्हणूनच इतके आखूड धनुष्य कानापर्यंत ओढले तरी मोडत नाही. पाणम्हशीचे शिंग कोरियात मिळत नसल्यामुळे ते बाहेरून आणावे लागे, आणि कोरियावर पूर्वी राज्य करणाऱ्या जोसन राजवटीला त्याच्या पुरवठ्याची कायम चिंता असे. सरसासाठी लागणारा फुगा ज्या माशाचा, तो आपल्या घोळीच्याच कुळातला. घोळीच्या बोताला, म्हणजे या फुग्याला, आपल्या बंदरांवर काय भाव मिळतो, हे कोळीवाड्यात वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र हाच सरस दमट हवेत सैल पडतो. कोरियातही शिंगाची धनुष्ये उबदार, कोरड्या पेटीत जपून ठेवावी लागतात. मग मुंबईच्या जुलैत त्यांचे काय होईल, याची कल्पना केलेली बरी. हौसेपोटी अस्सल शिंगाचेच धनुष्य मागवण्याच्या विचारात कोणी असेल, तर त्याने तो विचार सोडावा. मी घेतलेले धनुष्य फायबरग्लास आणि कार्बनच्या थरांचे आहे. कोरियातील पारंपरिक मैदानांवरही नवशिके याच प्रकारावर हात बसवतात, त्यामुळे त्याला नक्कल म्हणून नाके मुरडण्याचे कारण नाही. संपूर्ण पावसाळ्यात त्याच्या बाहूंना पीळ पडला नाही की ओढ (प्रत्यंचा खेचायला लागणारा जोर) मंदावली नाही. बिघडली ती वरची सजावट: बर्चच्या सालीची पट्टी कडांना सुटली आणि मुठीवरील चामड्याला बुरशी आली. पट्टी पुन्हा चिकटवता आली, चामडे मात्र बदलून घ्यावे लागले. दमट प्रदेशात पाठवायच्या मालाला उत्पादकाने साधी सुती मूठ द्यायला हवी होती.

वापराविषयी बोलायचे तर, रिकर्व्हची सवय असलेल्या माणसाला सुरुवातीला सगळेच उलटे वाटते. प्रत्यंचा तीन बोटांनी नव्हे, तर अंगठ्याने ओढायची. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या डाव्या नव्हे, तर उजव्या बाजूला टेकतो. आणि हात हनुवटीशी न थांबता कानाकडे जातो. द्रोणांनी एकलव्याकडे नेमका अंगठाच का मागितला, हे या पद्धतीने बाण सोडताना चटकन उमगते, कारण तीन बोटांच्या पद्धतीत अंगठ्याला फारसे कामच नसते. धनुष्य वजनाला अगदी हलके आहे, बाण सुटताना हाताला बसणारा हिसका सौम्य आहे आणि ओढीच्या मानाने बाणाचा वेग चकित करणारा आहे. या एका गुणासाठी मी त्याचे बाकीचे दोष माफ करीन.

खरी अडचण जागेची आहे. हे धनुष्य १४५ मीटर अंतरासाठी घडवलेले आहे. कोरियात त्या अंतरावर सुमारे २ मीटर रुंद आणि २.६७ मीटर उंच फळी किंचित मागे कलती उभी केलेली असते, आणि तिच्यावर एका फेरीत पाच बाण सोडतात. फळीवर कुठेही बाण लागला तरी नेम साधला असे मानतात; मध्यबिंदूला जादा गुण नाहीत. या हिशेबामागे युद्धाची गरज दिसते, कारण दूरवरच्या शत्रूच्या फळीवर बाण पोहोचणे महत्त्वाचे होते. प्राचीन कोरियातील कोगुर्यो राज्याच्या पाचव्या शतकातील थडग्यांच्या भिंतींवर धावत्या घोड्यावरून मागे वळून बाण सोडणारे शिकारी रंगवलेले आहेत, आणि घोड्यावरून वापरायचे तर धनुष्य आखूडच हवे. १५९२ मध्ये सुरू झालेल्या जपानी आक्रमणाविरुद्ध लढलेले कोरियन सेनापती यी सुन-शिन यांच्या रोजनिशीत तिरंदाजीच्या सरावाच्या नोंदी पुन्हा पुन्हा येतात. १८९४ च्या सुधारणांत सैन्याधिकारी निवडण्याची परीक्षा बंद झाली आणि तिच्याबरोबर धनुष्याचे लष्करी स्थानही गेले; तरीही १८९८ मध्ये सम्राट कोजोंग यांच्या आदेशावरून राजवाड्याच्या आवारात ह्वांगहाकजोंग हा तिरंदाजीचा मंडप उभा राहिला. पुढे तो दुसऱ्या जागी हलवण्यात आला, पण सोलमध्ये आजही तिथे बाण सुटतात.

मुंबईत १४५ मीटरची मोकळी, सुरक्षित आणि मागे भक्कम बांध असलेली जागा मला मिळालेली नाही, आणि क्रिकेटच्या मैदानावर हा प्रयोग कोणी चुकूनही करू नये. मी ज्या उपनगरी क्लबमध्ये सराव करतो, तिथे ३० मीटरची सोय आहे. एवढ्या जवळून हे धनुष्य अक्षरशः अंगावर येते: बाण सतत वर जातात, नेम लक्ष्याच्या बराच खाली धरावा लागतो, आणि ज्या उंच कमानीतून बाण जावा अशी त्याची घडण आहे ती कमान पाहायला मिळतच नाही. त्यामुळे निम्मे धनुष्यच वापरत असल्याची रुखरुख राहते.

ज्यांना स्पर्धेत उतरायचे आहे, त्यांनी हे पैसे दुसरीकडे खर्च करावेत. आपल्याकडील स्पर्धा इंडियन राउंड (साधे लाकडी किंवा बांबूचे धनुष्य), रिकर्व्ह आणि कंपाउंड (कप्प्या लावलेले धनुष्य) या प्रकारांत होतात आणि प्रशिक्षकही त्यांचेच मिळतात. बर्लिनमध्ये २०२३ साली विश्वविजेते ठरलेले साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही कंपाउंडचे तिरंदाज आहेत. ज्यांना एका जुन्या विद्येचा हातांनी अनुभव घ्यायचा आहे, संथपणे शिकण्याची तयारी आहे आणि पदकाची घाई नाही, त्यांनी मात्र हे धनुष्य जरूर घ्यावे. पहिले धनुष्य कमी ओढीचेच मागवावे, कारण जास्त ओढीच्या धनुष्यावर अंगठ्याची पकड कधीच सुधारत नाही. सोबत एक जादा प्रत्यंचा घ्यावी. बाणांची लांबी मात्र स्वतःच्या हाताच्या मापाने सांगावी. रिकर्व्हचे बाण इथे आखूड पडतात, आणि पूर्ण ओढीत टोक मुठीच्या आत आले तर हाताला गंभीर इजा होऊ शकते. अंगठ्यात घालायची शिंगाची अंगठीही पाकिटात येते ती न घेता मोजून मागवावी. माझी सैल निघाली आणि आतून चामड्याची पट्टी लावेपर्यंत प्रत्येक बाणाबरोबर अंगठ्याची कड सोलवटत राहिली.