इलेक्ट्रॉनिक डेंड्रोमीटर पट्टा: वर्षभर झाडांवर ठेवून झाल्यावर

डेंड्रोमीटर म्हणजे खोडाभोवती बांधून घेरातला बारीक फरक सतत नोंदवणारा पट्टा. हे लिहायला बसलो ते कंपनीच्या शेवटच्या उत्तरामुळे. ‘दुपारी खोड आकुंचन पावते, हे नैसर्गिक आहे, पट्ट्यात दोष नाही.’ अहो, ते आकुंचन मोजायलाच तर पट्टे घेतले! माझी तक्रार वेगळी होती. मेलेल्या, उभ्या झाडाला बांधलेला पट्टाही रोज दुपारी ‘घेर घटला’ म्हणून कसा सांगतो? हवेतल्या ओलीने वाळकी साल थोडी हलते, मान्य. पण एवढी?

पट्टा स्टेनलेस स्टीलचा आहे. मीटरभर स्टील एका अंशाला साधारण 17 मायक्रॉन वाढतं. 80 सेंटीमीटर घेराच्या सागावरचा पट्टा पहाटेपेक्षा दुपारी 15 अंशांनी जास्त तापला, तर 0.2 मिलिमीटर लांबतो. पट्टा ताणून धरणारी स्प्रिंग तो ढिलेपणा ओढून घेते आणि ॲप म्हणतं, झाड सुकलं. झाडाची रोजची खरी घटही मिलिमीटरच्या अंशांतच असते, त्यामुळे त्यात झाड किती आणि लोखंड किती, हे कळायला मार्ग नाही. इन्व्हारचा, म्हणजे तापून फारच कमी वाढणाऱ्या मिश्रधातूचा, पट्टा दिला असता तर ही भानगड दहाव्या हिश्श्यावर आली असती. वर चीड आणणारी गोष्ट म्हणजे यंत्रात तापमानाचा सेन्सर आहे! ॲप तो आकडा दाखवतं, हिशेबात मात्र धरत नाही. मुंग्यांनी यंत्राच्या डबीत थाटलेला संसारही मी माफ केला, हे नाही.

कारण यामुळे विरळणीचा (दाटीतली काही झाडं तोडून बाकीच्यांना जागा देण्याचा) निकालच उलटा दिसला. विरळणी केलेल्या प्लॉटमधली झाडं जास्त तहानलेली दिसत होती. खरं तर झाडं कमी झाली की उरलेल्यांना पाणी जास्त मिळायला हवं. पण मोकळ्या प्लॉटमध्ये ऊन थेट खोडावर येतं, पट्टा जास्त तापतो आणि नेमक्या सुधारलेल्या झाडांवर आजारपणाचा शिक्का बसतो.

इथवर लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात ॲपचा अपडेट आला. तापमानाची दुरुस्ती आता आहे! मेलेल्या झाडाचा आलेख बराच सपाट झाला, म्हणून एक तारा वाढवतोय. मात्र जुन्या नोंदींना ती लागू होत नाही. तापमानाच्या नोंदी त्यांच्याकडेच आहेत, गुणाकार तेवढा करायचाय. तरी ‘विनंती पुढे पाठवली आहे’.

जुन्या नोंदी ज्यांच्याकडे पडून आहेत त्यांनी दुपारचे आकडे सोडून द्यावेत. पहाटेची पहाटेशी तुलना करावी, तापमानातला बराचसा फरक तिथे गळतो. पहाटेचा घेर आधीच्या कमाल घेराखाली किती दिवस राहतो, यावर झाडावरचा पाण्याचा ताण चांगला कळतो. पानगळीच्या आधी हे फार स्पष्ट दिसलं, आणि या एका कामात पट्टा पैसे वसूल करतो. पहिल्या पावसात घेर एकदम फुगतो, ती वाढ समजू नका. साल पाणी पिते. बांधल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांच्या नोंदीही धरू नका, पट्टा तेव्हा सालीवर बसत असतो.

बॅटरी उत्तम. तक्रार नाही.

पण फक्त वर्षाची वाढ हवी असेल तर एवढा खर्च कशाला? हाताने वाचायचा, व्हर्नियर (मिलिमीटरचेही अंश वाचता येणाऱ्या खुणा) कोरलेला साधा पट्टा बांधा, हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी पहाटे वाचा, फरकाला 3.14 ने भागा, व्यासातली वाढ मिळाली. मी आता प्रत्येक प्लॉटमध्ये एकाच झाडावर इलेक्ट्रॉनिक पट्टा ठेवतो, तोही खोडाला दुपारी सावली राहील अशा ठिकाणी. बाकीच्या झाडांना साधे.